पाणी जिरवणारं पेव्हिंग: खान्देशात या चुका टाळा

"भाऊ, तुम्ही सांगितला तोच ब्लॉक बसवला, तरी पाणी साचतंय." जून उलटला की हा फोन ठरलेला. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, वाक्य तेच. मी विचारतो, ब्लॉकखाली काय टाकलंय? पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर येतं, "ते मिस्त्रीला माहीत."

झालं, निदान फोनवरच होतं. ब्लॉक हे नुसतं तोंड आहे, पोट खाली आहे. यातल्या बहुतेक ब्लॉकमधून तर पाणी जातच नाही, तो साध्या पेव्हरसारखाच घट्ट काँक्रीटचा असतो. पाणी जातं ते दोन ब्लॉकमधल्या रुंद सांध्यातून, त्यातल्या बारीक खडीतून. तिथून ते खालच्या मोठ्या खडीच्या पोकळीत थांबतं आणि सवडीने जमिनीत उतरतं. यातला एक थर चुकला की महागातला ब्लॉक आणि शहाबादी फरशी यांच्यात काही फरक उरत नाही.

मे महिन्यातला खड्डा

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी जळगावजवळच्या एका लॉन्सचं पार्किंग हाती घेतलं होतं. पाणी गटारात न जाता जमिनीत जावं, अशी मालकाची हौस. साइट बघायला गेलो तेव्हा ऐन मे, काळी जमीन, आणि भेगा अशा की चपलेचा अंगठा अडकावा. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घेतला आणि दोन बादल्या पाणी ओतलं. मागवलेला चहा येईपर्यंत खड्डा कोरडा! मालक खूश, मी खूश. "जमीन झकास पाणी पिते" असा शेरा मारून तळातला निचऱ्याचा पाइप अंदाजपत्रकातून उडवला. वाचलेल्या पैशात गेटजवळ बोगनवेल लावली.

जूनमधल्या दोन-तीन सरी मजेत जिरल्या. जुलैच्या सुरुवातीला लग्नसराईची शेवटची तिथ आणि आदल्या रात्री धो धो पाऊस. सकाळी मालकाने बोलावून घेतलं. पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी, त्यात झेंडूच्या पाकळ्या तरंगतायत, बँडवाले वाद्यं डोक्यावर धरून रस्त्याकडेला उभे. नवरदेवाच्या मामांनी धोतर वर धरून मला विचारलं, "काय व्हयनं भाऊ?" मी सांगणार काय?

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. माझं मे महिन्यातलं पाणी मातीत जिरलंच नव्हतं, ते भेगांत पडलं होतं. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने फुकट सांगितलं असतं. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर का घालत नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हिशोब सोपा होता, मी तो केला नाही इतकंच. एकाच मापाच्या मोठ्या खडीत साधारण ४० टक्के पोकळी असते. म्हणजे ३०० मिमी जाडीच्या थरात १२० मिमी पाणी मावतं. आपल्याकडच्या एका जोरदार पावसाला पुरेसं वाटतं. पण भिजलेली काळी माती तासाला मिलिमीटरभरच पाणी घेत असेल, तर ते पोट रिकामं व्हायला पाच दिवस लागतात. दुसऱ्या रात्री पुन्हा पाऊस आला तर भरल्या माठात ओतणार कुठे? त्यात मालकाने मला न सांगता हॉलच्या पत्र्याचे पन्हाळीपाइपही पार्किंगवर सोडले होते. पत्र्याचं क्षेत्र पार्किंगच्या दुप्पट. म्हणजे पाणी तिप्पट, आणि १२० मिमीचं पोट ४० मिमी पावसातच भरलं.

तेव्हापासून माझी सवय अशी. खड्डा वरच्या मातीत घेत नाही, खडीचा तळ जिथे येणार त्या खोलीवर घेतो. संध्याकाळी भरतो, रात्रभर भिजू देतो, सकाळी पुन्हा भरतो आणि मग काठीवर खुणा करून तासातासाला पाणी किती उतरलं ते लिहितो. काळ्या जमिनीत आकडा कितीही चांगला येवो, छिद्रांचा पाइप टाकतोच. तळापासून चार बोटं वर ठेवतो, म्हणजे खालचं थोडं पाणी जिरायला राहतं, आणि तोंड नाल्यात किंवा शेततळ्यात काढतो. जळगाव हे पाइपांचं गाव, इथे पाइपात कंजूषी करणाऱ्याला मी लांबूनच हात जोडतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे एकच स्पेसिफिकेशन सगळीकडे चिकटवणं. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेरच्या वरच्या अंगाला बझाडाचा पट्टा आहे, सगळा दगडगोटे आणि जाडीभरडी वाळू. डोंगरातून उतरलेले नाले तिथे आपोआप गडप होतात. तिथे पाइपाशिवाय चाललेला नकाशा तापीच्या दक्षिणेला काळ्या रानात आणला, नुसतं गावाचं नाव बदललं, की माझा फोन वाजलाच समजा.

डस्ट, डस्ट आणि डस्ट

मिस्त्री लोकांचं डस्टवर जे प्रेम आहे त्याला तोड नाही. साधा पेव्हर क्रशरच्या डस्टवर बसतो, वरून सांध्यातही डस्टच झाडतात, त्यामुळे हाताला तेच वळण. पाणी जिरवायचं असेल तेव्हा हीच डस्ट विष ठरते. ओली झाली की ती थापल्यासारखी घट्ट बसते आणि सांधा बंद.

एकदा सकाळी साइटवर बसून मिस्त्रीला समजावलं: खाली ४० एमएम खडी, त्यावर २० एमएम, ब्लॉकखाली आणि सांध्यात फक्त ६ एमएमच्या आतली धुतलेली खडी, डस्टचा कणही नको. त्याने मान डोलावली. मी जेवायला गेलो. परत येतो तर हायवा मागे लागलेला, डस्ट उतरलेली, आणि त्यावर फळी फिरवून लेव्हल मारलेली! "साहेब, तुमच्या खडीवर ब्लॉक हलत होता. डस्टशिवाय पकड येत नाही." ब्लॉक हलत होता कारण कडेचा कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारी काठाची पट्टी, बसवलेलाच नव्हता आणि प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे ठोकून दाबायचं यंत्र, भाड्याचे पैसे वाचवायला मागवला नव्हता. दोन दिवस ती डस्ट फावड्याने ओढून काढली. खालच्या खडीत गेलेली निघालीच नाही, म्हणून वरचा अर्धा थरही फेकावा लागला.

आता हायवा रिकामा व्हायच्या आधी मी पाण्याची रिकामी बाटली घेऊन उभा राहतो. मूठभर खडी बाटलीत, वर पाणी, झाकण लावून खळखळ हलवायची आणि मिनिटभर ठेवायची. पाणी चहासारखं झालं तर हायवा परत. ड्रायव्हर शिव्या देतो, क्रशरवाला फोन करतो, मी बाटली दाखवतो. तुमच्याकडे ड्रिप असेल तर हे वेगळं समजवायला नको. फिल्टरमध्ये गाळ गेला की लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्यांचं, काय होतं ते माहीतच आहे. फरक एवढाच की इथे उलटं पाणी मारून फिल्टर धुता येत नाही.

मुरूम आणि जीएसबी, म्हणजे रस्त्याच्या पायात घालतात तो मिसळलेला खडीचा माल, यांचंही तेच. त्यात बारीक माल मुद्दाम असतो, रोलरखाली घट्ट बसावा म्हणून. रस्त्याला उत्तम, इथे नको.

बाकीच्या पटकन

"परमिएबल पेव्हर किंवा समतुल्य" असं टेंडरमध्ये लिहू नका. समतुल्य म्हणजे काय ते ठेकेदार ठरवतो आणि तो स्वस्तातलंच ठरवतो. थराथराची जाडी, खडीचं माप आणि "धुतलेली" हा शब्द लिहा. पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आयएस १५६५८, त्याचं प्रमाणपत्र जरूर मागा, पण त्यातून ब्लॉक भार किती पेलतो ते कळतं, तुमच्या सांध्यातून पाणी किती जातं ते नाही. त्यासाठी एएसटीएम सी १७८१ या अमेरिकी मानकाची चाचणी लिहा: ३०० मिमी व्यासाचं कडं जमिनीला पुट्टीने चिकटवायचं, मोजून पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. शेवटचं बिल त्यानंतर.

ब्लॉकखाली पीसीसी, म्हणजे साध्या घट्ट काँक्रीटचा थर. होय, असं करणारे आहेत. "मजबुतीसाठी."

गवत उगवू नये म्हणून खाली काळं प्लास्टिक अंथरणं, हा त्याचाच सख्खा भाऊ.

इमारतीच्या पायाला चिकटून हा थर घेऊ नका. काळी माती फुगते तेव्हा भिंतीला तडे देते. मी तीन मीटर सोडतो, जागाच नसेल तर साधी फरशी घालतो.

केळीचे भरलेले ट्रक जिथे वळतात तिथे हे काम नकोच. तिथे काँक्रीट करा आणि त्याचं पाणी शेजारच्या थरात सोडा.

जाळीदार काँक्रीट, म्हणजे ज्याच्या अंगातूनच पाणी जातं ते, मे महिन्यात ओतणारे वेगळेच शूर. त्यात वाळू नसते, पाणी अगदी मोजकं, पोकळी १५ ते २५ टक्के. भुसावळच्या उन्हात ते बघता बघता सुकतं आणि वर्षभरात वरची खडी हाताने निघते. ओतलं की वीस मिनिटांच्या आत प्लास्टिक झाकायचं आणि सात दिवस उचलायचं नाही. तिसऱ्या दिवशी "जरा बघू या" म्हणून कोपरा उचलणारा साइटवर एक तरी असतोच, बहुतेक वेळा मालकाचा मेहुणा. हिवाळ्यापर्यंत थांबा ना, काय बिघडतं?

बागेची माती पेव्हिंगपेक्षा दोन इंच खाली ठेवा. वर ठेवली की पहिल्याच वळवाला गाळ सांध्यात. आणि लॉनचं काम आधी उरका, ब्लॉक शेवटी. बसवलेल्या ब्लॉकवर शेणखताचा ढीग टाकलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

देखभालीचं काम वॉचमनवर सोडू नका, कारण वॉचमन झाडू मारून सगळी धूळ आणि कडुनिंबाचा पाला सांध्यातच लोटतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, यंत्राने ओढून घ्यायची किंवा वरची बोटभर खडी उकरून नवी भरायची. त्यासाठी बिलातच धुतलेल्या बारीक खडीच्या दहा गोण्या जास्तीच्या लिहितो आणि साइटवरच ठेवतो. त्या लॉन्सवर (पाइप आता टाकला आहे, माझ्या खर्चाने) वॉचमनने त्या गोण्यांचं बाकडं केलंय. दिवाळीआधी मी जातो, त्याला उठवतो आणि वरची गोणी फोडतो.