कमी खर्चात व्हिडिओ पॉडकास्ट: आधी आवाजाचं बघा

नवा पॉडकास्ट काढणाऱ्यांचे पैसे कॅमेऱ्यातच संपतात आणि माइक राहून जातो. चित्र जरा मळकट असलं तरी लोक चालवून घेतात. घुमणारा आवाज कुणी तासभर ऐकत बसत नाही.

एक सूत्रसंचालक, एक पाहुणा धरू. बोया एम१सारखे दोन वायरवाले कॉलर माइक, ते लावायला घरातले दोन जुने फोन, कॅमेऱ्यासाठी एक बरा फोन आणि ट्रायपॉड. फोन घरचेच असतील तर साधारण तीन-साडेतीन हजारांत भागतं.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागतो, आणि पहिला घोळ इथेच होतो. आत डॅक (डिजिटल आणि अ‍ॅनालॉग आवाजाची अदलाबदल करणारी चिप) नसलेला कन्व्हर्टर कित्येक फोनवर चालत नाही. फोन गुपचूप स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. म्हणून रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माइकच्या बोंडावर नखाने टकटक करा. लेव्हल (पडद्यावरची आवाजाची पट्टी) हलली नाही, पण फोनच्या खालच्या कडेवर टकटक केल्यावर उसळली, तर कन्व्हर्टर बदला.

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. ओढणी किंवा मंगळसूत्र त्याला घासलं तर खरखर येते आणि ती नंतर धड निघत नाही. बोलताना लेव्हल −१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, म्हणजे पाहुणा खदखदून हसला तरी आवाज फाटणार नाही.

आता खोली. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. आवाज रेंगाळला तर खाली सतरंजी टाका, कॅमेऱ्यामागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्यात काही अर्थ नाही. पंखा, एसी बंद. फ्रिजही बंद करा, पण गाडीची किल्ली त्यातच ठेवा. म्हणजे निघताना किल्ली काढायला गेलात की तो पुन्हा चालू करायचं आठवेल.

उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. खिडकी पाठीमागे नको. दिव्यांखाली शूट करत असाल तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा. शूट ४के, एडिट त्याहून लहान १०८०पीमध्ये: चित्राचा भाग कापून मोठा केला तरी तो स्पष्ट राहतो, म्हणून दोघांचा एकत्र शॉट आणि दोन क्लोजअप एकाच फोनमधून मिळतात. मात्र तासाला १० ते २५ जीबी जागा लागते, ती आधी मोकळी करा. तिन्ही फोन एअरप्लेन मोडवर. कॅमेऱ्याच्या फोनचं कव्हर काढा, तापला की रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं.

सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत तिन्ही ट्रॅक पहिल्या टाळीवर जुळवा, मग दुसरी तपासा. फोनची घड्याळं किंचित मागेपुढे चालतात, त्यामुळे तासाभरात ओठ आणि शब्द सुटे पडू शकतात. तसं झालं तर एखाद्या शांत जागी ऑडिओ कापून सरकवा. फरक फारच मोठा असेल तर फोनने फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलता ठेवलेला असतो. मूळ फाइल हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या.

शेवटी आवाज −१४ लफ्सच्या (LUFS, एकूण आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून यूट्यूबवर चढवा. चॅनेलचा फोन नंबर आधीच पडताळून घ्या; त्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही.