गरोदर मुलींसाठी घर काढताना : पहिल्या चोवीस तासांविषयी

भांडुपमध्ये आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनागृहामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. तेथे तीन खाटा टाकून आम्ही काम सुरू केले. आज त्याच कामाला बालगृहाची रीतसर नोंदणी आहे, चौदा मुलींची सोय आहे आणि रात्रपाळीला परिचारिका आहे. असे घर काढू पाहणारे मला भेटतात तेव्हा देणग्यांविषयी आणि जागेविषयी विचारतात. मी मात्र त्यांना आधी एका शनिवारच्या रात्रीविषयी सांगते.

घर सुरू होऊन पाच महिने झाले होते. दुसऱ्या मंडळीच्या पाळकसाहेबांची चिठ्ठी घेऊन एक आई सोळा वर्षांच्या मुलीसह आली. मुलीच्या पिशवीत दोन ड्रेस आणि दहावीचे बीजगणिताचे पुस्तक होते. पुस्तकाच्या खाकी कव्हरवरची नावाची चिठ्ठी आईने वाटेतच खरवडून काढली होती आणि मुलगी त्या पांढऱ्या डागावरून सारखी नख फिरवत होती. "ताई, हे कुणाला कळू देऊ नका," एवढेच आई म्हणाली. आम्ही मुलीला पेज दिली, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि आईला शब्द दिला. तो शब्द आम्ही अकरा दिवस पाळला.

अकराव्या दिवशी तिच्या पायांवर सूज दिसली म्हणून तिला रुग्णालयात नेले. वय ऐकताच डॉक्टरांनी पोलिसांना कळवले, आणि कायद्याने त्यांना तेच करणे भाग होते. सोनोग्राफीत गर्भ २४ आठवडे आणि २ दिवसांचा निघाला. म्हणजे ती आमच्या दारात आली तेव्हा २२ आठवडे आणि ५ दिवस झाले होते. गर्भपाताच्या कायद्यातील सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलीला पालकाच्या संमतीने आणि दोन डॉक्टरांच्या मतावरून २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यानंतर तिच्यासारखीला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. माझी श्रद्धा गर्भपाताच्या बाजूने नाही, हे मी कधी लपवलेले नाही. पण तो निर्णय त्या मुलीचा होता आणि आमच्या गप्प बसण्याने तो परस्पर होऊन गेला. तिला काय हवे आहे, हे त्या अकरा दिवसांत तिला कोणीही विचारले नाही. मीही विचारले नाही.

म्हणून हे नीट समजून घ्या. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असेल, तर तिच्या संमतीने काय घडले आणि काय नाही, हे ठरवणे आपल्या हातात नाही. पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावेच लागते, आणि न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३१ नुसार तिला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांच्या काळजीचा निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढे, हजर करावे लागते. "शनिवारी रात्री समिती कुठे बसते?" हा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता आणि त्याच्याच आड लपले होते. समितीची बैठक नसेल तेव्हा मुलीला एकट्या सदस्यापुढेही हजर करता येते. सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक घर उघडण्याआधी मिळवा. ते हाती नसतील, तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आईची विनंती, पाळकांची चिठ्ठी, मुलीचे रडणे, यांपैकी कशानेही हे चोवीस तास लांबत नाहीत.

पोलिसांच्या नावाने घाबरून जाऊ नका. पोक्सो कायद्याच्याच कलम २४ प्रमाणे मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घेता येतो. शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी तो घ्यायचा असतो, अंगावर गणवेश नसावा, आणि रात्री मुलीला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आईला जी गुप्तता हवी असते, तिचा मोठा भाग कायदाच देतो. हे मला तेव्हा माहीत असते, तर मी त्या आईला ते समजावून सांगू शकले असते.

धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी झाली म्हणजे मुली ठेवण्याची परवानगी मिळाली, हाही आमचा गैरसमज होता. बालगृहाची नोंदणी बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली स्वतंत्रपणे करावी लागते, आणि तिच्याशिवाय घर चालवणे हा गुन्हा आहे. "महिन्याभरात प्रमाणपत्र आणून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका. आमचे सात महिने त्यातच गेले.

मार्गदर्शक निवडताना व्यासपीठावर सुरेख बोलणाऱ्यांपेक्षा प्रसूतिगृहात वीस वर्षे काढलेली निवृत्त परिचारिका गाठा, असे माझे ठाम मत आहे. आमच्याकडच्या मुली लोहाच्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात लपवत होत्या आणि आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो. आमच्या सिस्टरबाईंनी एका मुलीला जवळ घेऊन विचारले तेव्हा कळले, की शौचाला काळे होते म्हणून बाळ आत सडले अशी भीती त्यांच्यात पसरली होती. गोळ्यांमुळे तसे होतेच, एवढे सांगितल्यावर अभ्रे रिकामे झाले.

श्रद्धेविषयीही स्पष्ट लिहिते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले, आणि त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. आपण त्याच वाटेवर आहोत, हे मी मनापासून मानते. तरीही संध्याकाळच्या प्रार्थनेला बसणे आमच्याकडे मुलीच्या मर्जीवर आहे. बाळाच्या बाबतीत तर मंडळीतल्या कोणाही निपुत्रिक जोडप्याला शब्द देऊ नका, ते कितीही भले असोत. बाळ सोपवायचे असल्यास ते समितीपुढेच सोपवावे लागते, आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, आणि दत्तक फक्त मान्यताप्राप्त संस्थेमार्फत होते. आमच्याकडची एक मुलगी त्रेपन्नाव्या दिवशी बाळ परत न्यायला आली होती.

गेल्या जूनमध्ये भर पावसात रात्री साडेदहाला आणखी एक आई मुलीला घेऊन आली आणि तिने अगदी तेच वाक्य उच्चारले. मी दोघींना कोरडे टॉवेल दिले, चहा दिला आणि त्यांच्यासमोरच पोलीस ठाण्याला फोन लावला. आई उठून दारापर्यंत गेली. मुलगी खुर्चीतून हलली नाही, म्हणून तीही परत येऊन बसली. सव्वाबाराला साध्या पंजाबी ड्रेसमधल्या महिला उपनिरीक्षक आल्या, त्यांनी ओल्या चपला बाहेर काढल्या आणि त्या मुलीशेजारी खाटेवर जाऊन बसल्या.