गेमिंग स्टिअरिंग खराब निघालं तर आधी काय तपासायचं आणि वॉरंटी कशी घ्यायची

स्टिअरिंग बिघडलं की आपल्याकडच्या पोरांचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडं जातो, कूलर असो की बोअरची मोटार, घरीच खोलून बघायची सवयच आहे आपल्याला. पण वॉरंटीतलं स्टिअरिंग खोलू नका, स्क्रूवरचं सील एकदा फाटलं की कंपनीला नाही म्हणायला कारण सापडतं आणि मग तुम्ही कितीही खरं बोला, काही उपयोग होत नाही. आणि लगेच कस्टमर केअरला फोनही लावू नका. बिघाड नेमका कुठं आहे ते आधी शोधा, त्याचा व्हिडिओ काढून ठेवा आणि मग फोन. मी हे सगळं उलटं केलं आणि पाच आठवडे घालवले, म्हणून एवढं लिहायलोय.

मी परभणीत राहतो. स्टिअरिंग ऑनलाइन मागवलेलं, चार महिने एकदम मस्त चाललं आणि मग युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळताना ट्रक मधीच आपोआप दबायला लागला, सरळ रस्त्यावर ८० चा स्पीड आपोआप ६५ वर. मला वाटलं गेमचा लोचा आहे, दोनदा गेम काढून परत टाकला, रात्रभर डाउनलोड लावून. एक दिवस मामा आले होते, ते एसटीत ड्रायव्हर होते, मागं उभं राहून बघत होते. म्हणले, "पाय काढ बरं दोन्ही." मी पाय काढले तरी ट्रक झटके खायलाच. "पाय नसताना दबायलाय म्हंजे ब्रेक धरायलाय, स्टिअरिंगला कामून दोष द्यायलास?" तेवढ्यावर अर्धं काम झालं.

मग कॉम्प्युटरवर बघितलं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, जी पट्टी उघडते तिच्यात जे ओ वाय, डॉट, सी पी एल असं सलग टाइप करून एंटर मारायचं. तुमच्या स्टिअरिंगचं नाव दिसेल, त्यावर प्रॉपर्टीज. तिथं प्रत्येक पॅडलची पट्टी दिसते, पॅडल हळू दाबलं की पट्टी हळू भरली पाहिजे आणि सोडलं की पूर्ण रिकामी झाली पाहिजे. माझी ब्रेकची पट्टी पाय न लावता थरथरत होती, मधीच पाव भाग भरायची, परत खाली. गेम वगैरे काही चालू नसताना. हा खरा पुरावा, कारण इथं गेमच्या सेटिंगचा संबंधच येत नाही.

असं कामून होतं तर बऱ्याच स्वस्त आणि मधल्या रेंजच्या पॅडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर एक बारीक पत्रा घासत फिरतो. त्या पट्टीवर धूळ बसली किंवा ती घासून गेली की रीडिंग उड्या मारतं. आपल्याकडं उन्हाळ्यात दारं-खिडक्या उघड्या, पॅडल खाली फरशीवर, म्हणजे सगळी धूळ तिथंच जाणार. खेळून झालं की पॅडलवर एखादं जुनं कापड टाकून ठेवत जा. चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असेल तर त्यात काही घासत नाही, तो टिकतो. वॉरंटी संपली असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कॉन्टॅक्ट क्लीनर आणून पोटेन्शिओमीटर साफ करता येतो, बऱ्याचदा तेवढ्यानं चालतोही, पण वॉरंटीत असताना कंपनीनं मेलवर लिहून सांगितल्याशिवाय हे करू नका.

आता जे बिघाड नसतातच ते सांगतो, यातच लई जणांचा वेळ जातो. स्टिअरिंगला जोर येत नाही, नुसतं ढिलं फिरतं, पण बटणं चालतात, तर आधी अडॅप्टर बघा. बऱ्याच मॉडेलला मोटारीसाठी वेगळा अडॅप्टर लागतो आणि नुसत्या यूएसबीवर फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटारीमुळं हाताला जाणवणारा जोर, येत नाही. अडॅप्टर ढिल्या एक्स्टेन्शन बोर्डातून काढून सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चेक करत बसू नका. यूएसबी कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला, हब नको. चालू केल्यावर फोर्स फीडबॅकवालं स्टिअरिंग डावीकडं-उजवीकडं आपोआप फिरतं आणि मधी येऊन थांबतं, त्या वेळी हात लावायचा नाही, धरून ठेवलं तर सेंटर चुकतं आणि मग गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. वायर काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा, हात लांब. तरीही मधी थांबत नसेल किंवा फिरतच नसेल तर मात्र सेन्सर नाहीतर मोटार.

अॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच पट्टीवर दिसत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पॅडल एकत्र करायचं सेटिंग चालू असतं, ते बंद करायचं, तो बिघाड नाही. आणि प्लेस्टेशनवर चालत नाही म्हणून तक्रार करायच्या आधी मॉडेल बघा. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशन आणि पीसीसाठी आहे, जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीसाठी, दिसायला भाऊ-भाऊ पण एकाचं काम दुसरं करत नाही. आवाजाचं पण तसंच, या दोन्हीत गिअर आहेत म्हणून थोडी खडखड येणारच, थ्रस्टमास्टरच्या टी३०० मध्ये पट्टा आहे म्हणून ते शांत. पण दर फेरीला एकाच जागी टक्क करून अडकत असेल तर तो बिघाड समजा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ च्या वरही जातो, तेव्हा दोन तास सलग खेळून जोर कमी झाला तर अर्धा तास बंद ठेवून परत बघा, मोटार तापल्यावर जोर कमी करणं काही मॉडेलमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं.

शेवटी मित्राच्या कॉम्प्युटरवर एकदा लावून बघा. तिथंही तेच झालं तर आता व्हिडिओ काढा. एकच सलग, एक मिनिटाच्या आतला. सुरुवातीला स्टिअरिंगच्या खालचा सिरीयल नंबर वाचता येईल असा दाखवा, मग अडॅप्टर आणि यूएसबी लावलेलं, मग पॅडलवर पाय नाही हे दिसू द्या आणि तसाच कॅमेरा स्क्रीनवरच्या पट्टीवर न्या. मधी कट करू नका.

कागदाचं बघू. बिल पाहिजे, त्यावर विक्रेत्याचं नाव, तारीख, जीएसटी नंबर. खोक्यावरचा आणि स्टिअरिंगवरचा सिरीयल नंबर जुळतो का बघा. खोक्यावर भारतातल्या आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असते, ते काहीच नसेल तर माल बाहेरून परस्पर आलेला असू शकतो आणि मग इथं वॉरंटी मिळायला त्रास होतो, दोन हजार वाचवायला असा पीस घेऊ नका. माल येऊन थोडेच दिवस झाले असतील तर कंपनीकडं न जाता आधी अॅपवर रिप्लेसमेंट टाका, ती मुदत फार कमी दिवसांची असते.

कंपनीला फोन केला तरी मेल कराच. मेलमध्ये मॉडेल, सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, बिघाड एका वाक्यात, आणि काय काय करून बघितलं ते सगळं: दुसरा पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर, ड्रायव्हर परत टाकला, सॉफ्टवेअर अपडेट केलं. हे लिहिलं नाही तर तिकडून तेच करायला सांगणारा मेल येतो, तुम्ही करता, उत्तर देता, परत तेच. माझी पहिली तक्रार तर बंदच झाली कारण त्यांचा मेल स्पॅममध्ये पडला होता आणि मी फोनची वाट बघत बसलो. दुसऱ्यांदा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ जोडून मेल केला तर दोन दिवसांत मंजूर, फक्त पॅडल पाठवा म्हणले.

फक्त काय पाठवायचं हे विचारून घ्या, लई फरक पडतो. कुरिअरवाले बऱ्याचदा खोक्याच्या मापावर वजन लावतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे ५० बाय ४० बाय ३० चं खोकं आतून सहा किलोचं असलं तरी बिल बारा किलोचं. आपल्या गावांचा मोठा त्रास म्हणजे पिकअप. माझ्या पिनकोडवर तीनदा पिकअप लागला आणि तीनदा कुणी न येताच रद्द झाला. तेव्हा मेलवर विचारा की मी स्वतः पाठवलं तर खर्च कोण देणार, आणि हो आल्यावरच पाठवा, पावती जपून. मूळ खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या, पूर्ण सेट पाठवायची वेळ आली तर पॅडल वेगळं गुंडाळा, ते जड असतं आणि रस्त्यात स्टिअरिंगवर आदळतं. पॅक करायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा म्हणजे नंतर कुणी तडा तुमच्या माथी मारणार नाही. संभाजीनगर किंवा पुण्याला सर्व्हिस सेंटरवर स्वतः नेलं तर जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीला घेतल्याच्या कागदावर, वस्तूंची यादी आणि "बाहेरून कुठंही तुटलेलं नाही" असं लिहून घेतल्याशिवाय हलू नका.

एवढं करूनही दाद देत नसतील तर गप बसू नका. ऑनलाइन बाजारातून घेतलं असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, ते कोर्ट नाही पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवतात. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असो की कुठलीही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही करता येते, फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

बदललेला पीस आला की खोकं उघडतानाच व्हिडिओ चालू ठेवा, नवा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि त्याच दिवशी परत तीच पट्टीची टेस्ट करा. नव्या पीसला वॉरंटी जुन्या तारखेपासून की नव्या, हेही मेलवरच विचारून ठेवा.