फ्लामेंको ऐकायला हेरेसला उतरा

फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं गाणं-गिटार-नाच, ऐकायचं तर सेव्हिल शहरातल्या तिकिटाच्या शोवर थांबू नका. तिथून ट्रेन पकडा आणि हेरेस या गावी मुक्काम करा. सांतियागो आणि सान मिगेल या तिथल्या जुन्या जिप्सी वस्त्या. या गल्ल्यांतून पायीच फिरा, पण दुपारी नको. तेव्हा सगळं गाव झोपलेलं असतं.

संध्याकाळी 'पेन्या' शोधा. पेन्या म्हणजे रसिकांनी चालवलेला क्लब. भिंतीवर जुन्या गायकांचे फोटो, लाकडी खुर्च्या, हातात शेरीचा ग्लास. कार्यक्रम उशिरा सुरू होतो, म्हणून आधी पोटभर खाऊन जा. गाणं चालू असताना बोलू नका आणि टाळ्या तर मुळीच वाजवू नका. तिथली टाळी म्हणजे ठेका. बुलेरिया हा फ्लामेंकोचा एक प्रकार, त्याचं आवर्तन बारा मात्रांचं. मोजणी बारापासून धरतात आणि जोर बारा, तीन, सहा, आठ, दहावर येतो. आपल्या एकतालाच्या सवयीने सम शोधाल तर चुकाल. त्यापेक्षा टेबलावर बोटांच्या पेरांनी ठेका धरणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत बसा. मला ते गिटारपेक्षाही जास्त शिकवून जातं.

दुसऱ्या दिवशी काडिझच्या लोकलने सान फर्नांडोला जा. फ्लामेंकोचा विख्यात गायक कामारोन दे ला इस्ला इथला, जन्म 1950. पोरवयात तो जिथे गायचा ते 'व्हेंता दे व्हार्गास' हे खानावळवजा हॉटेल अजून चालू आहे, तिथे जेवा. त्याची कबरही याच गावात आहे.

जायचा महिना निवडता येत असेल, तर डिसेंबर. हेरेसमध्ये तेव्हा 'झांबोंबा' रंगतात: नाताळची गाणी, बुलेरियाच्या ठेक्यात, अंगणात शेकोटीभोवती. तिथे मात्र सगळेच गातात, तुम्हीही गा.