गादीवाफ्यातले कंद का गेले? खत टाकण्याआधी उकरून बघा

परतीचा पाऊस ओसरला की अनेक परसबागांत एकच चित्र दिसतं. विटा लावून हौसेनं उंच केलेला वाफा, त्यात पिवळा पडलेला निशिगंध, मान टाकलेली शेवंती आणि जागेवरच विरलेली लिली. अशा वेळी हात आधी खताच्या पोत्याकडे जातो. कृपा करून थांबा. खुरपं घ्या आणि एक कंद मुळांसकट बाहेर काढा.

कंद टणक आणि मुळं पांढरी असतील तर झाड जिवंत आहे, त्याला वेळ द्या. कंद मऊ लागला, घाण वास आला तर कुज आहे. कुरतडलेला असेल तर हुमणी (मातीतली मुळं खाणारी अळी) किंवा घूस. मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म जंत. त्या जागी निशिगंध पुन्हा लावायचाच असेल तर बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘शृंगार’ वाण या गाठींना बऱ्यापैकी तोंड देतो.

आपल्याकडे कोल्हापूर भागात सगळ्यात जास्त नुकसान कुजीनं होतं. वाफा उंच केला म्हणजे निचरा झाला, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. अंगणातल्या फरशीवर वाफा बांधला, विटांचे सांधे सिमेंटनं पक्के बुजवले आणि एका पावसाळ्यात निशिगंधाचे सगळे कंद गमावले. उकरलं तेव्हा तळाशी चक्क चिखल होता.

म्हणून वाफ्यात फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी दोन-तीन तासांत उतरलं तर ठीक. रात्रभर तसंच राहिलं तर दोष तळाशी आहे. सर्वांत खालच्या विटांच्या थरात दर दोन फुटांवर भोक ठेवा. तळाला खडी टाकून भागत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीत सहजी उतरत नाही, वरच अडून राहतं. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती एकटी भरू नका. पन्हाळा-शाहूवाडीकडची लाल माती दोन भाग, काळी एक भाग आणि पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, हे मिश्रण मला चांगलं लागू पडलंय.

कुजलेले कंद कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता बाहेर नष्ट करा. शेजारच्या झाडांना 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांबंयुक्त बुरशीनाशक मिसळून आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळांशी ओता. ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या, नाहीतर तांब्यानं ती उपयोगी बुरशीच मरते.

साखर कारखान्याची ताजी प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) थेट वाफ्यात भरणं हेही एक मोठं कारण. ती कुजताना तापते आणि कोवळी मुळं भाजतात. नंतर ती बसते, माती खाली जाते, कंद उघडे पडतात. चांगली कुजवून घातली तर तिच्यासारखं खत नाही. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. आत्ता अळ्या मोठ्या असतात, खुरपताना वेचून मारा. मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) द्यायचं तर माती ओलसर असताना द्या.

पानं वाळली म्हणजे कंद मेला असं नाही. फुटबॉल लिली थंडीत विसावते. तिचं पाणी तोडा, पिवळी पानं आपणहून वाळू द्या, हिरवी असताना कापू नका. त्याच पानांतून कंद भरतो. ट्युलिपला मात्र कित्येक आठवडे सलग कडक थंडी लागते, ती कोल्हापूरच्या वाफ्यात मिळत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

निशिगंधाच्या ज्या कंदाला फूल येऊन गेलं, त्याला पुन्हा येत नाही. बाजूचे बाळकंद पुढे फुलतात. तीन वर्षांचा दाट झालेला गड्डा थंडीच्या शेवटी काढा, मोठे कंद निवडून सावलीत ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये लावा. रिकाम्या जागेत आत्ता ग्लॅडिओलस लावता येईल. विसावा पूर्ण झालेले, चार सेंटिमीटरच्या पुढचे कंद घ्या, दोन-तीन इंच खोल लावा आणि वरून पाचटाचा पातळ थर द्या.