बेळगावात राहून लॅटिनचा अभ्यासक व्हायचे असेल तर

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या ज्या विद्यार्थ्याने शाळेत संस्कृत घेतले आहे आणि जो घरी मराठी व बाजारात कन्नड बोलतो, त्याने लॅटिन हा आपला विषय नव्हे असे मुळीच मानू नये. विभक्ती आणि वृत्त यांची ओळख तो शाळेतूनच घेऊन आलेला असतो.

सुरुवात रोमच्या इतिहासापासून न करता व्याकरणापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीलॉकचे १९५६ साली प्रथम निघालेले पाठ्यपुस्तक घ्यावे, आणि 'देवः देवौ देवाः' जसे मोठ्याने म्हणून पाठ केले, तशीच लॅटिन नामांची रूपे रोज तासभर म्हणावीत व वहीत लिहावीत.

व्याकरण पक्के होत आले की रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या बारा सर्गांच्या महाकाव्याची पहिली ओळ घ्यावी. तिचे आरंभीचे शब्द आहेत 'अर्म विरुम्क्वे कनो', म्हणजे 'शस्त्रे आणि पुरुष यांचे मी गान करतो'. 'विरुम्' हा आपल्या 'वीर' शब्दाचा सख्खा भाऊ असून त्याची द्वितीया झालेली आहे. त्याला चिकटलेले 'क्वे' म्हणजे संस्कृतातला 'च' होय आणि तो 'च'प्रमाणेच शब्दामागून येतो. 'रामनू कृष्णनू' असे कन्नड ऐकलेल्या कानाला ही रचना परकी वाटत नाही. आता मात्रा मोजाव्यात. 'अर्' गुरू, 'म' लघू, 'वि' लघू, असा हा भगण झाला; पुढे 'रुम्-क्वे-क' हा दुसरा भगण येतो. सहा गणांच्या या वृत्तात पहिल्या चार ठिकाणी भगणाऐवजी दोन गुरू चालतात, एवढे ध्यानात ठेवून पन्नास ओळी बोटांवर मोजल्या की चाल कानात बसते.

लोएब ग्रंथमालेच्या लाल पुस्तकांत डाव्या पानावर लॅटिन आणि उजव्या पानावर इंग्रजी असते. उजवे पान कोऱ्या कागदाने झाकून आधी आपला मराठी अनुवाद लिहावा, मगच कागद काढावा. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा लॅटिन-इंग्रजी कोश पर्सियस या ऑनलाइन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो.

पदवी इथेच संस्कृत किंवा इतिहास घेऊन करावी. पुढे परदेशी विद्यापीठात पीएचडी करायची तर लॅटिनसोबत ग्रीकही लागते आणि संशोधनलेख वाचण्यापुरती जर्मन व फ्रेंचही लागते. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षीच ग्रीक सुरू करणे शहाणपणाचे ठरेल.

संशोधनाचा विषय निवडताना आपल्या प्रदेशाकडे अवश्य पाहावे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावलेल्या रोमन लेखक थोरल्या प्लिनीने आपल्या ३७ खंडांच्या ग्रंथात, हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) व्यापारातून ओढून घेतो, अशी तक्रार नोंदवली आहे. त्या व्यापाराची खूण आपल्यापासून फार लांब नाही: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. निपाणीवरून एसटीने सकाळी निघून ती पाहावी, आणि प्लिनीचा तो उतारा मूळ लॅटिनमधून वहीत उतरवून बरोबर न्यावा.