लाइव्ह अल्बम करायचाय? पहिले दोन माइक प्रेक्षकांकडे वळवा

फोंड्यात राहून मी साऊंडचं काम करते. जत्रेतलं संगीत नाटक, फेस्तातला बँड, हणजूण-वागातोरच्या बारमधला रॉक, सगळीकडे केबलची तीच पेटी घेऊन जाते. बँडमधली मुलं हल्ली येतात आणि विचारतात, "बाय, लाइव्ह अल्बम काढायचाय, किती माइक लागतील?" मी सांगते, आधी दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावा, मग ड्रम्सचे मोजायला घ्या.

संगीत नाटकात नट पद म्हणतो, खालून 'वन्स मोअर' येतो, आणि दुसऱ्यांदा म्हटलेलं पद वेगळंच निघतं. तान लांबते, तबलजी खुलतो. तो फरक प्रेक्षकांनी घडवलेला असतो. रॉकमध्ये अगदी हेच होतं. स्टुडिओत पाच मिनिटांत संपणारं गाणं भरलेल्या हॉलमध्ये नऊ मिनिटं चालतं, कारण समोरून काहीतरी येत असतं. ते समोरून आलेलं रेकॉर्डिंगमध्ये नसेल, तर गिटारवाला तिथे एवढा का रेंगाळला हे घरी ऐकणाऱ्याला कळायचं कसं?

तयारी करण्याआधी तीन जुन्या अल्बमची हकिगत माहीत करून घ्या. प्रत्येकीतून हाताशी ठेवण्यासारखं काही मिळतं.

डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड १९७२ मध्ये जपानला गेला तेव्हा लाइव्ह अल्बम हवा होता तो तिथल्या रेकॉर्ड कंपनीला. बँडला फारसा उत्साह नव्हता. त्यांनी आपला इंजिनिअर मार्टिन बर्च यालाच रेकॉर्डिंगला बसवलं. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान सभागृह, हाताशी आठ ट्रॅकचं टेप मशीन. 'मेड इन जपान'वर सात गाणी आहेत आणि त्यातली चार १६ तारखेची, म्हणजे दुसऱ्या रात्रीची. नंतर स्टुडिओत बसून कुणी काही पुन्हा वाजवलं नाही. मिक्सिंगला बँडमधले दोघेच बसले, बेसवाला रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमर इयन पेस. यातून दोन गोष्टी घ्या. रेकॉर्डिंगला बसणाऱ्या माणसाला तुमची गाणी पाठ हवीत. सोलो कुठे सुरू होतो हे त्याला बोटांनी माहीत हवं. आणि एका रात्रीवर सगळं टाकू नका. पहिल्या रात्री बँड जागेशी जुळवून घेतो, दुसऱ्या रात्री वाजवतो.

द हू या बँडने १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी हल शहरात. हलच्या टेपवर पहिल्या काही गाण्यांना बेस मिळालाच नाही, म्हणून अल्बम लीड्सच्या रात्रीचा झाला. टेपवर कडकड आवाज होता. त्यांनी लेबलवरच लिहून टाकलं की तो आवाज असू द्या, दुरुस्त करू नका. मला ही गोष्ट फार आवडते. पण कामाचा भाग बेसचा आहे: बेस नेहमी दोन वाटांनी घ्या, एक डीआय बॉक्समधून (गिटारची वायर माइकशिवाय थेट मिक्सरला जोडणारी डबी) आणि एक अँपसमोरच्या माइकवरून. एक वाट बंद पडली तरी गाणं वाचतं.

तिसरी हकिगत ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन बँडची. न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट सभागृह, मार्च १९७१. निर्माता टॉम डाउड बाहेर रेकॉर्डिंगच्या ट्रकमध्ये बसून ऐकत होता आणि अचानक रंगमंचावर सॅक्सोफोनवाले पाहुणे आले. ते सुरात नव्हते आणि त्यांचा आवाज इतरांच्या माइकमध्येही घुसत होता, म्हणजे नंतर पुसता येणार नव्हता. डाउडने त्यांना थांबवायला लावलं. मग रोज कार्यक्रम संपला की बँड त्याच्याबरोबर अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जाऊन त्याच रात्रीची टेप ऐकायचा आणि कुठलं गाणं हाती आलं, कुठलं उद्या पुन्हा वाजवायचं, हे ठरवायचा. तुम्हीही हेच करा. घामेजलेल्या कपड्यांनिशी का होईना, पण त्याच रात्री ऐका. आठवड्याने ऐकलं की दुरुस्त करायची संधी गेलेली असते.

आता गोव्याचं. तारीख निवडताना २० डिसेंबर ते ५ जानेवारी सोडून द्या. जनरेटर मिळत नाही, भाडं दुप्पट सांगतात, रस्त्यावर गाड्या हलत नाहीत, आणि शेजारच्या शॅकचा बेस तुमच्या ड्रम्सवर टांगलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये येतो. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग करणं शक्यच नाही. वरच्या सरींचा आवाज झांजांच्या पट्टीतच येतो आणि कुठल्याही फिल्टरने वेगळा होत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध मला सगळ्यात चांगला वाटतो. हवा त्यातल्या त्यात कोरडी, गिटार सुरात टिकते. कार्निव्हल आणि शिगमो कॅलेंडरवर बघून घ्या, कारण त्या दिवसांत तुमचे श्रोते मिरवणुकीत असतात.

उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावता येत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सणासमारंभांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण आपला बँड त्यात बसेल असं धरून चालू नका. सात वाजता पहिलं गाणं सुरू झालं पाहिजे. इकडे माणसं साडेआठला जमतात हे मला माहीत आहे, म्हणून आमंत्रणावर वेळ मोठ्या अक्षरात छापा आणि सुरुवातीचा अर्धा तास दुसऱ्या एखाद्या बँडला द्या. हॉल भरल्याशिवाय तुमचा अल्बम सुरू करू नका. रिकाम्या खुर्च्यांचा आवाज ऐकू येतो, खरंच येतो: भिंतीवरून परतणारा स्नेअर ड्रमचा ठोका कोरडा आणि टोकदार होतो. माणसं बसली की तोच आवाज मऊ पडतो.

बंदिस्त सभागृह मिळालं तर घ्या. कांपालचं कला अकादमीचं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, मडगावचं रवींद्र भवन, फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर, अशा ठिकाणी बसलेले श्रोते ऐकतात आणि गाणं संपल्यावर एकदम टाळी पडते. बारमध्ये ग्लास वाजतात, कुणीतरी मोठ्याने हसतं, पण गर्दी अंगाशी असते आणि गाणारा पेटतो. माझं मत बारच्या बाजूने आहे, मात्र तो समुद्राला लागून नसावा. संध्याकाळचा वारा माइकमध्ये घरघरतो आणि खारी हवा जोडण्यांवर गंज चढवते.

विजेकडे आदल्या दिवशीच लक्ष द्या. लाइटवाल्याचे डिमर (दिवे मंद-तेज करणारे) आणि तुमचा साऊंड एका फेजवर असले की गिटारच्या पिकअपमध्ये (तारांचा आवाज पकडणारा भाग) गुणगुण येते, आणि ती अल्बममध्ये कायमची राहते. वेगळी फेज मागा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गुणगुण थांबवायला प्लगची अर्थिंगची पिन कुणालाही काढू देऊ नका. ओल्या हातांनी माइक धरणारा गायक त्याने मरू शकतो. रेकॉर्डिंगचा लॅपटॉप आणि मिक्सर यूपीएसवर ठेवा. आपल्याकडे वीज एक क्षण जाते आणि येते. दिवे लगेच लागतात, पण चालू असलेली फाइल तेवढ्यात बिघडते.

हल्लीच्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमधून यूएसबीने ३२ ट्रॅक वेगवेगळे घेता येतात, त्यामुळे जुन्यांसारखा ट्रक लागत नाही. फक्त सिग्नल कुठून घेताय ते नीट बघा. इक्वलायझर (आवाजाचा पोत बदलणारा) आणि फेडर (पातळीची सरकपट्टी) यांच्या आधीचा घ्या, म्हणजे हॉलसाठी साऊंडवाल्याने काहीही फिरवलं तरी तुमचा ट्रॅक शाबूत राहतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते, मात्र हॉल आणि रेकॉर्डिंग दोघांचा एकच असतो. म्हणून साऊंडचेकनंतर गेनला हात लावायचा नाही, हे साऊंडवाल्याशी आधीच बोलून ठेवा. पातळी साऊंडचेकला मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याच्या वर आवाज फाटतो) आणि शिखरं उणे १२ च्या वर जाऊ देऊ नका. कमी वाटेल, पण प्रेक्षक समोर आले की ड्रमरचा हात जड होतो आणि गायक माइक तोंडात घालतो. २४ बिटच्या सेटिंगमध्ये हळू आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका ट्रॅकचा एक तास साधारण ५२० एमबी होतो, म्हणजे २४ ट्रॅकचे दोन तास २५ जीबी. शक्य असेल तर एकाच वेळी दोन ठिकाणी लिहू द्या.

ड्रम्स, गिटार, गाणं यांच्या माइकबद्दल भरपूर लिहिलेलं सापडेल. मी एवढंच सांगेन की लहान जागेत गिटारचे अँप ड्रम्सकडे तोंड करून ठेवू नका. जे नंतर बदलायचं असेल ते रंगमंचावरच वेगळं असलं पाहिजे. सॅक्सोफोनची गोष्ट आठवा.

प्रेक्षकांच्या माइकवर मात्र रेंगाळणं भाग आहे. एक जोडी रंगमंचाच्या दोन्ही कडांना, स्पीकरच्या मागच्या बाजूला, तोंड खुर्च्यांकडे. एकाच दिशेने ऐकणारे कार्डिऑइड माइक घ्या, म्हणजे पाठीमागचा बँड कमी येतो. माइक माणसांच्या डोक्यांपेक्षा चांगला वर हवा, नाहीतर पहिल्या रांगेतल्या एकाच उत्साही माणसाचा अल्बम होतो. दुसरी जोडी मागे, मिक्सरपाशी; हॉलचा घुमारा तिथे मिळतो. पण आवाजाला तिथवर पोचायला वेळ लागतो. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे २० मीटरवरच्या माइकमध्ये स्नेअर सुमारे ५७ मिलिसेकंद उशिरा येतो. मिक्सिंगला बसल्यावर तो ट्रॅक तेवढा लवकर सुरू होईल असा सरकवा. नाहीतर सगळं दुहेरी ऐकू येईल आणि वैतागून तुम्ही प्रेक्षकच बंद करून टाकाल. बहुतेक फसलेल्या लाइव्ह अल्बममध्ये हेच झालेलं असतं: गाणं चालू असताना हॉल मेलेला आणि शेवटच्या सुरावर एकदम टाळ्या उघडलेल्या. तसं करू नका. प्रेक्षकांचे ट्रॅक पूर्ण वेळ थोडे उघडे ठेवा, १५० हर्ट्झच्या खालचं कापा म्हणजे बेस चिखल करणार नाही, आणि गाण्यांच्या मधे तीन-चार डेसिबल वर घ्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीची कुजबुजही दोन मिनिटं रेकॉर्ड करा. दोन रात्रींची गाणी जोडताना सांधा तिने झाकला जातो.

गाणं निवडताना चुका मोजत बसू नका. दोन्ही रात्रींचं गाणं डोळे मिटून ऐका आणि ज्यात पुढच्या ओळीची वाट बघावीशी वाटते ते घ्या. त्यात बेसचा एक चुकीचा सूर असेल तर राहू द्या. एखादी ओळ माइक बंद पडल्यामुळे गेलीच असेल तर दुसऱ्या रात्रीची किंवा साऊंडचेकची ओळ वापरा. म्हणूनच साऊंडचेकही रेकॉर्ड करायचा. स्टुडिओत जाऊन गाणं नव्याने म्हणणं मला मान्य नाही. त्या रात्री तिकीट काढून आलेल्या माणसाच्या हातात हा अल्बम पडणार आहे आणि त्याने जे ऐकलं तेच त्यावर असावं. गाण्यांचा क्रम शक्यतो कार्यक्रमातलाच ठेवा. विनाइल काढायचं असेल तर एका बाजूला २० ते २२ मिनिटंच नीट बसतात, तेव्हा मोठं गाणं कुठल्या बाजूला जाईल ते सेटलिस्ट करतानाच बघा.

गोव्याच्या बँडला दुसऱ्यांची गाणी वाजवायची सवय असते, कारण हॉटेलवाले तीच मागतात. अल्बममध्ये स्वतःचीच घ्या. गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ चा 'गोअन क्रेझी' शिवोलीच्या घरात बसून स्वतः रेकॉर्ड केला, गाणी स्वतःची होती, म्हणून तो आजही गोव्याचा अल्बम म्हणून ओळखला जातो. दुसऱ्याचं गाणं घ्यायचंच असेल तर कार्यक्रमात वाजवण्याचा परवाना आणि रेकॉर्डिंग विकण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी प्रमाणे मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपून पाच वर्षं व्हावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते आणि रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, तीही किमान ५०,००० प्रतींची. छोट्या बँडला हे झेपत नाही. थेट हक्कदाराकडे लेखी परवानगी मागा.

वाजवणाऱ्या प्रत्येकाची सही कार्यक्रमाआधी घ्या, एका गाण्यापुरत्या आलेल्या पाहुण्याचीही. कुणाला किती टक्के, रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, बँड फुटला तर ट्रॅक कुणाकडे राहणार, हे साध्या मराठीत एका पानावर मावतं. मूळ ट्रॅकची एक प्रत बँडकडे, एक रेकॉर्डिंग करणाऱ्याकडे आणि एक तिसऱ्या घरात ठेवा, हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. जूनमध्ये पुड्या बदला.